नंबर एकचं पाकीट

ता. ४ मार्च

चि. भाऊस,

अ. उ. आ. आशीर्वाद सवयीने लिहिलाय, या खेपेला तो मनापासून नाही, हे आधीच सांगून ठेवते. फोन मुद्दाम करत नाही. मी आवाज चढवला की तुला नेमकं ऐकू येईनासं होतं. कागदावर ती सोय नाही.

लेकीचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. शाळेतल्या मुलींना उंच उडी शिकवणारी बाई स्वतःच्या घराच्या दोन पायऱ्यांवरून पडली, याचं तिला अजूनही हसू येतं. मला येत नाही. म्हणजे आणखी महिनाभर माझा मुक्काम इथेच. आता मुद्द्यावर येते.

परवा मला तीन पत्रं आली, तिन्ही अनोळखी माणसांची. एका निवृत्त नर्सबाईंनी आभार मानलेत, कारण त्यांच्या मुलाने चौथीत काढलेलं बोटीचं चित्र मी वीस वर्षांनी परत पाठवलं म्हणे. एका गवंड्याला सायकलीसोबतचा फोटो मिळाला, तो रडला म्हणे. तिसऱ्या पत्रात एका बाईंनी विचारलंय, की त्यांच्या नवऱ्याला 'लाडक्या' म्हणून चिठ्ठी लिहिणारी मी कोण, आणि एकोणसत्तराव्या वर्षी मला लाज कशी वाटत नाही. माझं वय त्यांना कुणी कळवलं हा आणखी एक प्रश्न आहे.

तुला घरी ठेवलं ते कुंड्यांना पाणी घालायला आणि मांजराला वेळेवर खायला द्यायला. माझ्या लाकडी खणांना हात लावायला कुणी सांगितलं होतं? अडतीस वर्षं मी ग्रंथालयाच्या परतीच्या खिडकीवर बसले. परत आलेल्या पुस्तकांत लोकांच्या राहून गेलेल्या वस्तू मी नियमाप्रमाणे महिनाभर डब्यात ठेवत असे. कुणी मागायला आलं नाही की डबा कचऱ्यात रिकामा व्हायचा. मी ते कचऱ्यातून उचललं. चोरी नाही केली. एकेका वस्तूला पाकीट, पाकिटावर नंबर, तारीख, पुस्तक, पान. सहाशे बारा पाकिटं आहेत. होती, म्हणायचं का आता?

किती पाठवलीस ते उलट टपाली कळव. आणि हात आवर.

लोभ आहे, पण सध्या तो कुलपात ठेवलाय.

ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मांजर मजेत आहे, कुंड्याही. तुझं पत्र वाचून मला वाईट वाटण्याऐवजी रागच आला, तेव्हा तुझ्यासारखंच स्पष्ट लिहितो.

पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या खात्यात मी उभी हयात काढली. अर्धा पत्ता, पुसलेला पत्ता, नुसतं 'मामींना द्यावे', असली पाकिटं मी माणसांपर्यंत पोचवली. निवृत्त होऊन आठ महिने झाले आणि आपल्याच ताईच्या घरात मला सहाशे बारा न पोचलेल्या वस्तू सापडतात! छानपैकी नंबर घालून ठेवलेल्या! परक्याची गोष्ट महिनाभर डब्यात राहिली म्हणून ती तुझी होते का? आमच्या खात्यात हे कुणी केलं असतं, तर त्याला घरी बसवलं असतं.

आजवर त्रेचाळीस पोचवल्या. औषधाच्या चिठ्ठीवरून दवाखाना, दवाखान्यावरून पेशंट, असा माग काढला. पाठवणाऱ्याचा पत्ता तुझा घातला, कारण वस्तू तुझ्या घरून निघाल्या. तुझी पत्रं तिकडे वळवायचा अर्जही मीच भरला होता, म्हणून ती तुला मिळताहेत. वयाचं म्हणशील तर प्रत्येक पार्सलात मी चार ओळींची माहिती घातली होती, उगाच कुणाला संशय नको म्हणून. 'लाडक्या'चं प्रकरण मात्र चुकलं, ते मी स्वतः जाऊन निस्तरतो.

ओळीने काम करायचं म्हणून नंबर एकपासूनच सुरुवात केली. तुझ्या शिस्तीचं कौतुक करावं, तर पहिल्याच पाकिटावर 'कोणाचं' ही ओळ कोरी. बाकी सगळ्यांवर निदान 'माहीत नाही' असं तरी आहे! आत पुलाजवळच्या शिंप्याची जुनी पावती निघाली. एका बाजूला दुकानाचा कात्रीचा छाप आणि 'कोट, बाही सोडणे, ११'. मागे पेन्सिलीने कुणा बाईची यादी: साबण, मोठीच्या वह्या, पुस्तक परत, धाकट्याचा कोट आणणे. कागद इतका विरलेला, की मी तो टपालात न टाकता हातानेच नेला. शिंपी कधीच गेले. त्यांची मुलगी दुकान चालवते, तीही आता पन्नाशीची आहे. वडिलांच्या हातची पावती बघून ती हरखली. परत मागायला कुणी येईल का, असं तिने विचारलं. मी सांगितलं, पोचलेली वस्तू कुणी परत मागत नाही, हा आमचा पहिला नियम.

कोटावरून आठवलं. पहिलीत असताना थंडीभर मला तू तुझा मुलींचा कोट घालून शाळेत पाठवलंस, बाह्या दुमडून. गुलाबी बटणांवरून पोरांनी मला केवढं छळलं! तुझी हुकमत तेव्हापासूनची आहे. पण आता मी साठीचा झालोय ताई, माझा हात मी आवरणार नाही.

राग असू दे, लोभाला मात्र धक्का लावू नकोस.

भाऊ

ता. ११ मार्च

चि. भाऊस,

आशीर्वाद वगैरे नंतर.

नंबर एक परत आण. आजच जा. तुझा पहिला नियम घाल चुलीत. बाकीची बेचाळीस गेली ती गेली, त्यांचं मी नावही काढणार नाही. उरलेलीही हवी तर वाटून टाक, खण मोडून जाळ. पण नंबर एक माझ्या खणात परत आलं पाहिजे. का, ते विचारू नकोस.

तुझ्या चांगुलपणाची मला चीड येते. विचारावंसंही वाटलं नाही तुला! एक फोन!

ताई

ता. १२ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. आईने तुला काही सांगायचं नाही असं मला बजावलंय, म्हणून लगेच लिहायला बसले.

तुझं पत्र आल्यापासून तिने घर डोक्यावर घेतलंय. माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून झाले, भांडी दोनदा मांडून झाली. मी पाय वर करून नुसती बघते. काल शेवटी मी चिडले. चाळीस वर्षांची झाले तरी आपली आई कागदाच्या कपट्यासाठी का रडते हे मला कळू नये, याचा मला संताप आला. तेव्हा तिने सांगितलं.

आजी गेली तेव्हा आई चौदा वर्षांची होती आणि तू पाच. आजीने आणलेलं ग्रंथालयाचं पुस्तक घरात तसंच पडलं होतं. ते परत करायला आई एकटी गेली. खिडकीवरच्या गृहस्थांची पद्धत होती, परत आलेलं पुस्तक उलटं धरून दोनदा झटकायचं. त्यांनी झटकलं आणि आतून चिठ्ठी पडली. आजीचं अक्षर. त्यांनी ती आईच्या हातात दिली. मामा, तेच नंबर एक. त्या यादीतली मोठी म्हणजे आई, आणि धाकटा म्हणजे तू.

तिचा हा छंद म्हणजे म्हातारपणी वेळ घालवण्याचा उद्योग, असं मी आजवर समजत होते. लोकांना तशी गंमत म्हणून सांगितलंही आहे. माझीच मला लाज वाटली.

तू पोचवण्यात वाकबगार आहेस ना? मग आता परत आणण्यातही हो. आम्हां दोघींवर लोभ राहू दे, आईवर जरा जास्त.

तुझी भाची

ता. १७ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. भाचीने मला सगळं लिहिलंय. तिला रागावू नकोस. रागवायचा हक्क आज माझा आहे.

पंचावन्न वर्षं! आईच्या हातची चिठ्ठी तुझ्याकडे होती आणि मला ठाऊक नाही! आईचा आवाज मला आठवत नाही, चेहरा फोटोतलाच आठवतो. तिचं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तर हातात धरूनही मला ओळखता आलं नाही. परक्या माणसांची अर्धी पुसलेली अक्षरं मी जन्मभर ओळखली, आणि 'धाकट्याचा' हा शब्द वाचून कुणाचा तरी असेल म्हणून देऊन आलो. याला जबाबदार कोण? मला सांगायला तुला पंचावन्न वर्षांत एक रविवार मिळाला नाही?

दुकानात गेलो तर शिंप्याची मुलगीही चिडली. माझाच नियम तिने माझ्या तोंडावर मारला. दिलेली वस्तू परत मागताना माणसाने काही धरबंद ठेवावा, म्हणाली. मी बाकावर बसलो. धाकटा म्हणजे मी, एवढंच सांगितलं. तिने शिवणयंत्र थांबवलं, पाणी दिलं आणि वडिलांच्या जुन्या मापांच्या वह्या काढल्या. त्यांच्या हातचं माझ्याकडे ढीगभर आहे, हे तुम्हीच ठेवा, असं म्हणून तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली.

पण त्या सालच्या वहीत आमची नोंद सापडली. 'लहान मुलाचा कोट. बाही ११, सोडली. न्यायला कुणी आलं नाही.' पुढे दोन वर्षांनी वेगळ्या शाईत, 'एका गरजू बाईच्या मुलास दिला.'

ताई, माझा कोट तयार होता. थंडीभर तो पुलाजवळ टांगलेला होता, आणि मी गुलाबी बटणं लावून शाळेत मार खात होतो. बाबा विसरले का? त्यांना तरी काय म्हणायचं, ते तेव्हा कशातच नव्हते. पण कुणाच्याच लक्षात आलं नाही?

चिठ्ठी माझ्याजवळ आहे. परत मिळेल असं समजू नकोस.

लोभ कुठे ठेवलाय ते सध्या मलाच सापडत नाही.

भाऊ

ता. २१ मार्च

चि. भाऊस,

अ. उ. आ., आणि या खेपेला मनापासून.

बाबांना बोल लावू नकोस. ते विसरले नव्हते, त्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.

मी दोनदा त्या दुकानापर्यंत गेले. दुसऱ्या वेळी तर पायरीवर चढले. आत तुझा निळा कोट टांगलेला मला दिसला. माझ्यापुढे एक माणूस होता. त्याने पावती दिली, शिंप्याने कपडे दिले आणि पावती फाडून टोपलीत टाकली. तीच त्यांची रीत होती. कोट घ्यायचा तर चिठ्ठी द्यावी लागणार होती. मी तशीच मागे फिरले आणि घरी येऊन माझ्या कोटाच्या बाह्या तुझ्यासाठी दुमडल्या. बटणं बदलायचंही मला सुचलं नाही. तू रोज रडत यायचास, आणि मी तुला रडू नको म्हणून रागवायचे. तुला कधी सांगितलं नाही ते यासाठी. चिठ्ठी दाखवली असती, तर मागची कोटाची पावतीही तू वाचली असतीस.

आता उरलेलंही सांगते. आईच्या कार्डावर सत्तावीस पुस्तकांची नोंद होती. आणखी कशात तरी तिने काही ठेवलं असेल, म्हणून मी एकेक करून शोधायला लागले. सव्वीस पानापानाने पाहिली. काही निघालं नाही. सत्ताविसावं कुणीतरी वाचायला नेलं होतं, ते परत आलंच नव्हतं. पुढे नोकरीसाठी अर्ज करताना मी परतीची खिडकीच मागितली. कामाचं कुणाला एवढं प्रेम कसं, म्हणून साहेब हसले होते. अडतीस वर्षं मी आलेलं प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकलं. ते पुस्तक काही आलं नाही. दुसऱ्यांचं पडत गेलं, ते मला टाकवेना. बाकीची सहाशे अकरा पाकिटं अशी झाली. लोक छंद कसा लागला असं विचारायचे, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे.

तू म्हणालास की वस्तू माझ्या नव्हत्या. त्याचा मला फार राग आला, कारण नंबर एकच्या बाबतीत ते खरं होतं. 'कोणाचं' या ओळीवर 'माझं' असं लिहायला मी अनेकदा पेन उघडलं. लिहवलं नाही.

चिठ्ठी तू ठेव. पाकीट खणात आहे, ती ओळ तुझ्या हाताने भर. बाकीची पाचशे एकोणसत्तर मात्र माझी आहेत. त्यांना हात लावलास तर मांजरासकट तुला बाहेर काढीन.

रागावलास तरी चालेल, पण कळवत राहा.

ताई

ता. २५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. माझा राग गेलेला नाही. गुलाबी बटणांचा राग मी पंचावन्न वर्षं जपलाय, तो चार दिवसांत जाणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीवर तो कसा काढायचा हेही मला समजत नाहीये, त्यामुळे जास्तच चिडचिड होते. तू आलीस की समोरासमोर भांडू.

चिठ्ठी पाकिटात घालून खणात परत ठेवली आहे. ओळ भरली. 'दोघांचं' असं लिहिलंय.

तुझ्या पाचशे एकोणसत्तरांना हात लावलेला नाही. कालपासून दुसऱ्या कामात आहे. आईचं कार्ड ग्रंथालयाच्या जुन्या कपाटात अजून आहे, मी जाऊन पाहून आलो. त्यावरून सत्ताविसाव्या पुस्तकाचं कार्ड काढलं, त्यावर ते नेणाऱ्याचा नंबर आहे, आणि जुन्या वहीत त्या नंबरापुढे अर्धा पत्ता. अर्ध्या पत्त्यावर मी कधी हार मानलेली नाही. पुस्तक मिळालं तर झटकणार नाही. तू येईपर्यंत ते टेबलावर बंद राहील.

लवकर ये. लोभ सापडला, जागच्या जागीच होता.

भाऊ