कडेच्या ओळीचा हुरडा

कॅन्सस, अमेरिका
ता. २ सप्टेंबर १९७५

ती. सौ. अक्कास,
भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. विमानातल्या जेवणाचं विचारू नकोस, आईच्या दशम्या होत्या म्हणून निभावलं. कॉलेजला लागूनच ज्वारीची शेतं आहेत, पण ज्वारी माणसाच्या छातीपर्यंतच वाढते. आपल्या येलदरीच्या वावरात मी ज्वारीत शिरलो की आई हाका मारून दमायची. इथे लपायची सोयच नाही. आणि ही सगळी ज्वारी गुरांसाठी! आम्ही हिच्या भाकरी खातो असं सांगितलं, तर वर्गातल्या पोरांना ती थट्टा वाटली.

आमचे प्रोफेसर लिंडग्रेन उंच, पांढऱ्या भुवयांचे आणि फार अबोल आहेत. सगळे विद्यार्थी त्यांना नुसतं हॅरल्ड म्हणतात. मलाही तसंच म्हणायला सांगितलं. अक्का, ज्यांच्यापुढे बसून शिकायचं त्यांना नावाने हाक मारायला माझी जीभच उचलत नाही. शेवटी मी हॅरल्डराव म्हणायला लागलो. त्यांच्या नावाचा मराठीतला उच्चारच तसा असेल, असं त्यांना वाटतं.

आता मनातलं. दोन वर्षांत एम.एस. होईल, पण मला पुढे डॉक्टरेट करायची आहे आणि तीही यांच्याच हाताखाली. त्यासाठी त्यांनी मला ठेवून घ्यायला हवं, आणि आमचं बोलणं तर अजून ज्वारीच्या पलीकडे गेलेलं नाही. आईने दोनच वर्षांची मोकळीक दिली आहे, तेव्हा एवढा भाग तिला वाचून दाखवू नकोस.

दाजींना नमस्कार. तुझ्या रागावण्यासकट तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
भुजंग


जिंतूर
ता. २५ सप्टेंबर १९७५

चि. भुजंगास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि माझ्या शाळेला सुटी मिळताच एस.टी.ने आईकडे गेले. वगळायचं ते वगळून वाचत होते, पण जरा अडखळले तशी आईने विचारलं, की मधलं काय गिळायलीस? मला खोटं बोलता येत नाही हे माहीत असून तू मला असली कामं सांगतोस. सगळं वाचून दाखवावं लागलं.

ती चुलीपुढून उठली नाही. एवढंच म्हणाली, की दोन साल म्हणून गेलाय, दोन सालानं यावं. नंतर दिवसभर तिने तुझा विषय काढला नाही, पण संध्याकाळी निघताना विचारलं, की त्या सायबाची बायको पोरांना जेवायला तरी बोलावती का?

तुझे दाजी हॅरल्डराव हे नाव ऐकल्यापासून हसतायत. एस.टी. डेपोतल्या सगळ्यांना सांगून झालंय. गरम कपडे घालत जा. बाकी आमचा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळ.

तुझी,
अक्का


कॅन्सस
ता. ५ ऑक्टोबर १९७५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या हातून मोठा घोळ झाला आहे. आधी खाली बस, मग वाच.

मागच्या रविवारी शेतावर माझी पाळी होती. ज्वारी हुरड्यात आलेली, आसपास कोणी नाही, आणि मला घराची फार आठवण झाली. सगळ्या कणसांना कागदी पिशव्या बांधलेल्या होत्या, कडेची एक ओळ तेवढी मोकळी. आपली आई बांधाकडची ओळ वाटसरूंना आणि पाखरांना सोडते ना? मला वाटलं, इथेही तीच रीत. कणसं मोडली, पाचोळ्यावर भाजली आणि खाल्ली. तुरट लागली, तरी खाल्ली, मग विस्तवावर माती लोटली आणि रिकामी कणसं ओळीतच टाकली.

सोमवारी सकाळी प्रोफेसर त्या ओळीपुढे मटकन खाली बसले. अक्का, पाखरं तोंड लावणार नाहीत अशी ज्वारी त्यांना तयार करायची आहे, आणि त्यात त्यांची कित्येक वर्षं गेली आहेत. ती ज्वारी म्हणजे ही ओळ. पाखरं येतात का ते बघायचं, म्हणून तर तिला पिशव्या नव्हत्या! आता त्यांना वाटलं, शेवटी पाखरांनी खाल्लीच, सगळं फुकट गेलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. मागोमाग त्यांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, की पाखरं नव्हती, मी होतो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग टोपी घालून निघून गेले. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. दोन दिवसांनी निरोप आला, की घरी ये. गेलो तर अंगणात कोळसे पेटलेले, शेजारी दुसऱ्या शेतातली गोड कणसं. म्हणाले, की जन्मभर ज्वारीत राबलो, पण ती कधी चाखली नाही, तू करून दाखव. मी भाजून, तळहातावर चोळून दिली. लिंडग्रेन मॅडमनी वर लोणी घातलं. पहिला घास हॅरल्डरावांनी चावून चावून खाल्ला. दुसरा खाल्ला आणि हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाले, की पाखरांचा बंदोबस्त केला होता, परभणीच्या माणसाचं ध्यानातच आलं नाही.

हसले खरे, पण असल्या कणीसचोराला ते पुढे ठेवून घेतील का? मला तर आशा वाटत नाही. तुम्ही तरी मला पदरात घ्या.

तुझा,
भुजंग


जिंतूर
ता. २८ ऑक्टोबर १९७५

चि. भुजंगास,
अ. उ. आ.

आईने ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, की बांधाकडची वळ आपुन आपल्या वावरात सोडतो, लोकाच्या न्हाई! मालकाला इचारल्याबिगर कणसाला हात लावू ने आन पयला घास मालकाच्या हातावर, हे तुला चड्डी घालता येत नव्हती तवापासून सांगितलंय. सायबालाबी सांग म्हणावं, आमच्यात अशी रीत हाय, आमचं पोरगंच इसरलं.

एवढं बोलून झाल्यावर पदर तोंडाला लावून हसत बसली. वर म्हणते, की चूक करणाराला घरी बोलवून जेवू घातलं, मानूस लय चांगला हाय. तेव्हा उगीच झुरू नकोस. आईचा निरोप साहेबांना नक्की सांग.

इथे सगळ्यांची खुशाली आहे. आमच्यावरचा लोभ त्या लोण्यात विरघळू देऊ नकोस म्हणजे झालं!

तुझी,
अक्का


कॅन्सस
ता. १० डिसेंबर १९७६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मोठी बातमी आहे. हॅरल्डराव (आता सगळं कॉलेज त्यांना हॅरल्डरावच म्हणतं) जानेवारीत परभणीच्या कृषी विद्यापीठात कामासाठी येतायत, आणि एक दिवस आपल्या वावरात यायचंच म्हणतात. तू बरोबर राहा, तुझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर माझा भरवसा आहे. आईचा नियम सांगितल्यापासून ते माझ्या डब्यातल्या पोळीचा तुकडासुद्धा मालकाची परवानगी मागूनच घेतात. यंदाच्या हंगामात त्यांच्या अंगणात सगळ्या वर्गाचा हुरडा झाला आणि पहिला घास मी त्यांच्याच हातावर ठेवला.

एवढी माया करतात, पण माझ्या पुढच्या शिक्षणाचं नाव काढत नाहीत. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी तो पावसावर नेला. उन्हाळ्यात एम.एस. संपेल. त्यांच्या मनात मी नाही असंच दिसतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तू मात्र त्यांच्यापाशी काही बोलू नकोस. आईलाही सांग, की पोरगा ठरल्याप्रमाणे येतोय.

दाजींना आणि तुला नमस्कार. परत येणाऱ्यावरही प्रेम असू द्या.

तुझा,
भुजंग


जिंतूर
ता. १७ जानेवारी १९७७

चि. भुजंगास,
अ. उ. आ.

काल तुझे हॅरल्डराव आले. जीप वावराच्या धुऱ्याला लागली न लागली तोच उतरून ज्वारीत शिरले आणि एवढा ताडमाड माणूस दिसेनासा झाला. आई घाबरून हाका मारत सुटली, अहो हॅरल्डराव, अहो हॅरल्डराव! तुला मारायची तशाच. बाहेर आले तेव्हा केसांत पानं अडकलेली आणि चेहरा पोरासारखा खुललेला.

गोवऱ्यांची आगटी पेटवलेलीच होती. आई म्हणाली, की बांधाकडची वळ तुमचीच हाय, मोडा लागंल तेवढी कणसं. मी इंग्रजीत सांगितलं. पण साहेब कणसाला हात लावेनात. टोपी काढून आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, की मी वाटसरू म्हणून आलेलो नाही, मालकिणीकडे काही मागायला आलोय. तुमचा मुलगा मला आणखी तीन वर्षं हवा आहे. पाखरं नव्हती, मी होतो, असं तो सांगायला आला, त्याच दिवशी मी त्याला ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. पण मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही तुमची रीत. म्हणून त्याला अजून बोललो नाही.

भुजंगा, माझं इंग्रजी तिथेच संपलं. मला रडू फुटलं. आई आपली माझ्यावरच खेकसतेय, की काय म्हणायलाय ते सांग ना आदी! कसंबसं सांगितलं.

ती आगटीपाशी बसली. एक कणीस भाजलं, चोळलं, फुंकून पाखडलं. मग तिने ती गरम मूठ साहेबांच्या तळहातावर रिकामी केली. पहिला घास, भुजंगा! मालकीण असून तिने तो त्यांना दिला. आणि म्हणाली, न्या म्हणावं. पर हुरड्यात सगळंच खाऊन टाकायचं नसतंय, बियाला ठिवावं लागतंय. माझं बी मला माघारी पायजे.

मी सांगितलं. साहेबांनी मूठ मिटली, मान डोलावली आणि आईला वाकून नमस्कार केला. तो त्यांना तूच शिकवला असशील.

आता साहेब तिथे पोचले की तुला सांगतीलच, पण मला तोवर दम धरवला नाही. आई शेजारीच बसली आहे आणि वर लिही म्हणते, की तीन साल म्हंजी तीन साल. चौथं लागलं तर इचारायला सायबाला धाडू नको, तू सोता ये. तवा बांधाकडची वळ तुझ्यासाठी ठिवीन.

तिचे आणि माझे आशीर्वाद. पोटभर जेव, आणि आमची आठवण आली तर आधी मालकाला विचार!

तुझी,
अक्का