ह्यांचा शिक्का, कोहेईची बोटं

टोकियो, रविवार

प्रिय ताईस,

धाकटीचा प्रेमाचा नमस्कार. मी सुखरूप आहे, गुडघेही फार कुरकुरत नाहीत. तुझा खोकला कसा आहे? वाळत घातलेले मुळे आत घेतलेस ना?

होरिउचींच्या दुकानातला जुना चहाचा वाडगा पाहिला. तळाला ह्यांचाच शिक्का आहे. "वहिनी, पेटीच्या झाकणावर साहेबांचं नाव लिहा, की मी सुटलो," होरिउची म्हणाले. कुंभाराच्या पश्चात त्याच्या बायकोने लिहिलेलं नावच लोक खरं मानतात ना.

वाडगा पालथा केला. झिलईत बुडवताना जिथे धरला होता, तिथे बोटांच्या खुणा कोऱ्या राहिल्या होत्या. बारीक बोटं होती, ताई. ह्यांची बोटं किती जाड होती, तुला ठाऊक आहे. हा आपल्या कोहेईच्या हातचा. लढाईवर गेला तेव्हा पोराला स्वतःचा शिक्काही नव्हता, बापाचाच वापरायचा.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, खोटं लिहिताना अक्षर बिघडतं. मी कोहेईचं नाव लिहिलं.

होरिउचींनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, ह्या नावाला कोण ओळखतं? वाडग्याच्या मालकाला काय सांगू?"

"मीच घेते," म्हटलं. पण मालक ऐकेना. वाडगा घेऊन गेला, नवी पेटी करणार म्हणे. झाकण तेवढं मला दिलं.

मंगळवारी पोचते. मारियामातेच्या चित्राखाली थोडी जागा करून ठेव. लढाईवरून आपल्या पोराचं काहीच घरी आलं नव्हतं.

तुला जपणारी,
मित्सुए