सातव्या फेरीचं वळण

जळगाव, १८ फेब्रुवारी १९६९

चि. प्रमिलास,

नानांचे आशीर्वाद. पत्रावर श्री घालायला हात उचलला गेला नाही.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. तुझी आई दोन घास खाते, चुडामणच्या वाट्याची भाकरी काढून झाकून ठेवते. मी बघून न बघितल्यासारखं करतो.

दहाव्याला मोतीलाल शेठ येऊन गेले, हे तुला सांगितलं नव्हतं. त्यांच्याच गॅरेजच्या दोन फटफट्या त्या रविवारी रेसमध्ये सगळ्यांच्या पुढे होत्या. एकीवर तुझा भाऊ, दुसरीवर तुझा नवरा, आधारराव. आणि धडक झाली ती या दोघांचीच. शेठांनी रेस कमिटीचा कागद दाखवला. चूक चुडामणची, असं त्यात लिहिलंय. आठांपैकी शेवटच्या दोन फेऱ्यांत जो पुढे असेल त्याला पुढे राहू द्यायचं, आपसात झुंजायचं नाही, असा शेठांचा हुकूम होता म्हणे. तो चुडामणने मोडला. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, हे कमिटीला बरं सापडलं.

आधाररावांनी कमिटीपुढे तोंड उघडलं नाही. म्हणून तेराव्याला ते दारात आले तेव्हा मी त्यांना आत घेतलं नाही. तुला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

धडक झाली त्या वळणावरच तू उभी होतीस. काय पाहिलंस ते लिही.

तुझे नाना

*

धुळे, २२ फेब्रुवारी १९६९

ती. नानांच्या चरणी प्रमिलाचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. मला राग नाही, ह्यांनाही नाही. परत येताना पारोळ्याला गाडी थांबली. तेव्हा हे म्हणाले, की नानांच्या जागी मी असतो तर मीही दार अडवून उभा राहिलो असतो.

ह्यांच्या डाव्या हाताचं प्लास्टर अजून आहे. गॅरेजवर जात नाहीत. सकाळी अंगणात बसतात ते ऊन डोक्यावर आलं तरी उठत नाहीत. रेसबद्दल विचारलं की उठून आत जातात.

आईला सांगा, झाकून ठेवलेली भाकरी सकाळी गाईला घालत जा. चुडामण संक्रांतीला इथे आला तेव्हा भरिताबरोबर सात भाकऱ्या खाऊन उठला. मी चिडवलं, की तुझ्या लग्नात सासऱ्याकडे पिठाची गिरणीच मागू. तर म्हणाला, गिरणी नको, दळणारी माग.

मला पाचवा महिना सरत आला. आईने काळजी करू नये.

नाना, मी काही पाहिलं नाही. धूळ फार होती.

तुमची प्रमिला

*

जळगाव, १ मार्च १९६९

चि. प्रमिलास,

आशीर्वाद.

गुरुवारी मी धुळ्याला येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही, थेट त्या माळावर गेलो. मुरमावर चाकांच्या ओळी अजून आहेत. एकोणीस वर्षं एसटी चालवली मी. किती पंचनाम्यांना उभा राहिलो याची गणती नाही. कोणाचं चाक कुठे होतं हे मला कोणी शिकवायला नको. चुडामण वळणाच्या आतल्या अंगाला होता आणि अर्धं चाक पुढे होता. बाहेरच्याने हातभर जागा सोडली असती तर दोघंही निघून गेले असते. बाहेरच्याने सोडली नाही. उलट तो आत ओढत आला. ओळ खोटं बोलत नाही.

हुकूम मोडला असेल पोराने. हुकूम मोडल्याची शिक्षा म्हणजे काय ती ही?

मी पोलिसात अर्ज करतो आहे, तुझ्या नवऱ्याच्या नावाने. साक्षीला तुझं नाव घालणार. धूळ होती म्हणून लिहू नकोस. त्या वळणावर या दिवसांत वारा तू उभी होतीस त्या बाजूने वाहतो, धूळ तुझ्यापासून लांब जाते. मी तिथे उभं राहून मुद्दाम पाहिलं.

माझ्या मुलाच्या नावावर ती चूक राहता कामा नये. मग तुझं घर मोडलं तरी हे घर तुझं आहे.

नाना

*

धुळे, ६ मार्च १९६९

ती. नानांच्या चरणी नमस्कार.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. धूळ नव्हती. मी पाहिलं. पण त्याच्याआधीचं तुम्हाला ठाऊक नाही, ते लिहिते. पूर्ण वाचा, मग काय ते करा.

दोघांत जो पहिला येईल त्याला शेठ मुंबईच्या मोठ्या रेससाठी सहा महिने तिकडे ठेवणार होते. गेल्या वर्षी इंदूरच्या रेसला ह्यांच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा चाळीस दिवस मी ह्यांना हाताने भरवलं. माझी दोनदा कूस रिकामी झाली, ती दोन्ही वेळा हे गावात नव्हते. या खेपेला मला ह्यांना जाऊ द्यायचं नव्हतं.

शनिवारी चुडामण जेवायला आला. हे हात धुवायला गेले तेवढ्यात मी त्याला म्हटलं, की उद्या काही झालं तरी तू पहिला ये, ह्यांना येऊ देऊ नकोस. तो म्हणाला, शेठांचा हुकूम आहे. मी म्हटलं, माझ्यापेक्षा शेठ मोठे का? त्याने ताटातली भाकरी मोडली. मग म्हणाला, "अक्का, तू सांगशी तसं करसू."

सातव्या फेरीला तो त्या वळणावर आत शिरला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. नाना, रस्त्याकडे नाही, माझ्याकडे.

दवाखान्यात दोन दिवस मी त्याच्या उशाशी होते. माझ्या सांगण्यावरून आत शिरलो, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. काल ह्यांना सांगितलं.

अर्जात माझं नाव घाला, पण साक्षीदार म्हणून नको.

लोभ असू द्या असं लिहायला मला तोंड नाही.

प्रमिला

*

धुळे, ९ मार्च १९६९

ती. नाना यांस,

आधारचा नमस्कार. मला पत्र लिहिता येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रमिलाने तुम्हाला लिहिलं ते तिच्या बाजूचं आहे. ती मला दिवाळीतच म्हणाली होती, आता रेस बंद करा. मी हसण्यावारी नेलं. म्हणून तिला भावाला सांगावं लागलं.

आणि चुडामण आत आला हे मला दिसलं होतं. मी वळून पाहिलं होतं. जागा सोडता आली असती. मला वाटलं, हुकूम आहे, हा लहान आहे, घाबरून मागे हटेल. म्हणून मी फटफटी आत घेतली. तुम्ही ओळी बरोबर वाचल्या.

कमिटीने विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, आणि त्यांनी त्याचं नाव लिहिलं. शुक्रवारी कमिटीकडे जाऊन मी माझ्या सहीने सगळं लिहून दिलं. कागद बदलून देतो म्हणाले. पोलीस ठाण्यातही जबाब दिला. पुढे जे होईल ते होईल.

तिला एकटीला दोष देऊ नका. ती रात्रंदिवस कुशीवर पडून आहे, पाणीसुद्धा मी दिलं तरच पिते.

आधार

*

जळगाव, १३ मार्च १९६९

चि. प्रमिलास,

तुझं पत्र आलं, नंतर आधाररावांचं आलं. दोन्ही डेपोत, गाडीत बसून वाचली. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

तुझ्यावर चिडलो. खोटं कशाला लिहू. तीन दिवस तुझं नाव घेतलं नाही. मग आठवलं, लहानपणी तू सांगितलेलं तो ऐकेना तेव्हा मीच त्याला मारलं होतं. बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे मीच त्याला शिकवलं. आता अर्ज कोणाकोणावर करू? फाडून टाकला. पोलिसांना जे करायचं ते त्यांनी करावं.

कमिटीचा नवा कागद आला की जपून ठेव. मला दाखवू नकोस.

तिसरी खेप आहे तुझी, अशी पडून राहू नकोस. तुझी आई रोज विचारते, प्रमिलाला बाळंतपणाला कधी आणायचं. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतो. आधाररावांनाही तुझ्याबरोबर इथे यायला सांग. मी त्यांच्याशी बोलू शकेन का, ते मला आज सांगता येत नाही. न बोलता जेवायला बसू.

तुझे नाना