पट्टी कोणी दाबली?

ती. दादांस,

प्रभूच्या नावाने सलाम. (तुम्हांला प्रभू चालत नसेल तर नुसताच सलाम घ्या, पण घ्या.) गुडघा कसा आहे? जिने अजिबात चढू नका. इकडे सगळं ठीक, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितो.

तुम्ही धाडलेलं नास्तिकतेवरचं जाडजूड पुस्तक वाचलं. ढगांवर बसून हजेरी घेणारा जो देव त्यात खोडून काढलाय, त्याच्यावर माझाही विश्वास नाही. त्या बिचाऱ्याला आपण दोघं मिळून निरोप देऊ. पण जग आपोआप चालतं एवढं म्हटलं की सगळं उलगडलं, ही आजकालची खात्री मला झेपत नाही. आमच्या चर्चच्या पाळकांनाही इतकी खात्री नसते.

असो. मंगळवारी दुपारी चर्चच्या ऑर्गनचे सूर लावायला गेलो. या कामाला दोघं लागतात: आत, खोलीएवढ्या पेटीतल्या नळ्यांच्या जंगलात मी, आणि बाहेर पट्ट्या दाबायला तुमची बहीण. तीस वर्षांची सवय. फटीतून ऊन झिरपत होतं, धूळ तरंगत होती, मला गोड गुंगी आली आणि त्या गुंगीतच मी हाक मारली, "पुढची!" सूर आला. पुन्हा हाक, पुन्हा सूर. तासभर असं चाललं (अंदाजच; आत घड्याळ दिसत नाही). मग एकदम आठवलं, ही तर आठ दिवस तपासण्यांसाठी इस्पितळात आहे! अंगावर काटा आला. म्हटलं, देवदूतच. तरी दोन सप्तकं बाकी होती, ती त्याच्याकडून पुरी करून घेतली. (संधी कशाला सोडा?)

बाहेर येऊन पाहतो तो पट्ट्यांपुढे शेजारच्या सभागृहातल्या नास्तिक मंडळाचे व्याख्याते! व्याख्यानाला वेळ होता, दार उघडं दिसलं, हाक ऐकू आली, बसले. मी त्यांना पकडलंच. "न दिसणाऱ्याच्या हाकेला तासभर ओ दिलीत की नाही?" ते शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्ही आत चार वेळा शिंकलात."

यावरचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं (मला नेहमी दुसऱ्या दिवशीच सुचतं): शिंक ऐकू यायला आधी जवळ येऊन बसावं लागतं. तुमचं पुस्तक रस्त्यावर उभं राहूनच आतली नळी बेसूर ठरवतं. माणूस मात्र भला. ते जाताना मी सगळ्या नळ्या खुल्या करून एक स्तोत्र वाजवून दाखवलं, तर त्यांचे डोळे भरून आले आणि आभार कुणाचे मानावेत ते कळेना. शेवटी माझेच मानले. मला फार वाईट वाटलं.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. जिन्यांचं वर लिहिलंय ते खोडा. शुक्रवारी सकाळी हिचं ऑपरेशन आहे. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद.

आणखी एक ता. क. खरं सांगतो, डॉक्टर गाठीबद्दल बोलले त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरलाय. इतका राग आलाय. (तुम्हां लोकांना असं रागवायलाही कोणी नाही, हे त्या पुस्तकात कुठे आलं नाही.) शुक्रवारी समेट करावाच लागेल, आणि त्यात माझे दोन्ही हात जोडलेले असणार. तिला आत नेईपर्यंत तिचा हात धरायला कोणीतरी हवं. ती म्हणते, "दादाला बोलवा. तो डोळे मिटणार नाही."