कोलूचा दुपट्टा

३ नोव्हेंबर १९५६
पोचलो एकदाचा! चांद्याहून मोटार, पुढे बैलबंडी; हाडं खिळखिळी झाली. पण खोली ऐसपैस आहे, आणि या जंगलातल्या आरागिरणीचा वायरमन आजपासून मी! इंजिनघरापासून करवतीपर्यंत सागाचे अकरा खांब, बांबूची शिडी, आणि ती धरायला इतवारी. पन्नाशीचा, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी.
त्याने इथली रीत सांगितली. खांबावर चढणाऱ्याने आपला खांद्यावरचा दुपट्टा इंजिनघरातल्या स्विचच्या दांड्याला बांधायचा. तो असेपर्यंत वीज सुरू करायची नाही. ज्याचा दुपट्टा त्यानेच सोडायचा. रीत मला आवडली.

५ नोव्हेंबर
सकाळी दांड्याला एक जुना मळका दुपट्टा बांधलेला दिसला. इतवारी म्हणाला, कोलूचा. कोलू माझ्या आधीचा वायरमन. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो सातव्या खांबावर असताना मॅनेजरने दुपट्टा सोडून वीज सुरू केली. कोलूला झटका बसला, शिडीसकट खाली आला, मान मोडली. “तो अजून उतरला नाई, भाऊ.”
मला हसू आलं. मॅनेजर तिकडे वीज सुरू करा म्हणून ओरडतोय आणि ही माणसं भुताचा दुपट्टा जपतायत! मी तो सोडला, चुलीत घातला.

८ नोव्हेंबर
सातव्या खांबावरून उतरून आलो तर माझा दुपट्टा जमिनीवर! इंजिनवाला दसरू वीज सुरू होऊ नये म्हणून दांडा धरून उभा, म्हणून वाचलो. कुणी सोडला विचारलं. “तुमीच त सोडून राह्यले होते, भाऊ. बांधला, सोडला, मंग गेले.”
मला काहीच आठवत नाही.

११ नोव्हेंबर
तळहातांना जळका वास. राखेने घासले, जात नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. नोकरी सोडतो म्हटलं, तर मॅनेजर म्हणतो, बदली माणूस येईपर्यंत हलायचं नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळ
सातव्यावरची तार तुटली. मी चढणार नाही. भीती वाटते. इतवारी म्हणाला, तो चढेल. मी फक्त दुपट्ट्यावर नजर ठेवायची. दसरू तापाने घरी. परवाचा दुपट्टा मीच सोडला होता, हे दसरूचं बोलणं मी इतवारीला सांगितलं नाही. लाज वाटली.

दुपार
इतवारी वर आहे. मी स्विचपाशी. उजवा हात गुंतलेला राहावा म्हणून लिहितोय —
गाठ पक्की आहे. पाहिली.
पुन्हा पाहिली. सैल —
मी हाका मारतोय. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू जात नाही —
डावा हात गाठीवर आहे. मी ठेवलेला नाही. निघत नाही —
सुटली. इतवारी, उतर, उत—
हात आता दांड्यावर