नबींच्या मलिद्याला कांदेपोहे

अल क्वोज, दुबई
शुक्रवार, संध्याकाळ

ती. सौ. सविताताईस प्रसन्नचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? पत्र लिहायचं गणपतीपासून टाळतोय, कारण खरं लिहावं लागलं असतं. (खोटंही लिहून पाहिलं, अर्ध्या पानात संपलं.)

पण आज हात थांबत नाहीये! आमच्या रूममध्ये रेवदंड्याचे एझराकाका नवगावकर आहेत. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्याकडचे शनिवार तेली गं. बोलणं थेट तुझ्या सासूबाईंसारखं. मी अरुणभावोजींसारखा ड्राफ्ट्समन व्हावं म्हणून रोज कॉम्प्युटर क्लासला पळतो, ते बघून म्हणाले, "बाळा, आमच्यात मानतात, देवाने ज्याचं त्याचं काम वाटून दिलंय. तू अरुणराव झालास तर जगात अरुण दोन, आणि प्रसन्नची जागा रिकामी. वर गेल्यावर जाब त्या रिकाम्या जागेचा द्यायचाय." ताई, अंगावर काटा आला! दोन दिवस जेवलो नाही. (तिसऱ्या दिवशी बिर्याणी होती.)

तर आज सकाळी काकांचा मलिदा होता. त्यांची मुलगी नर्स झाली, त्याचा नवस. एलियाहू नबी, म्हणजे त्यांचे प्रेषित, यांच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. मला म्हणाले, पोहे भिजवून ठेव, मी फळं आणतो. आता पाहुणे यायचेत आणि पोहे भिजलेत म्हटल्यावर आपल्या माणसाचा हात कुठे जाणार? फोडणीकडे! कांदा, मिरची, शेंगदाणे, वर कोथिंबीर. काका दारातच थिजले. "गाढवा, नबींना मुलगी दाखवायचीय का?" मला रडूच फुटायचं बाकी होतं. नशीब, पुड्यात मूठभर पोहे उरले होते. त्यांचा मलिदा झाला, प्रार्थना झाली, नवस फिटला. मग सगळे कढईकडे वळले. नऊ माणसं, पाच मिनिटं, खलास! इथल्या बर दुबई भागात खानावळ चालवणाऱ्या प्रमिलाबाई आल्या होत्या, त्या बोटं चाटत म्हणाल्या, "माझ्याकडे ये रे स्वयंपाकाला." काका हसून म्हणाले, "क्लासात सहा महिन्यांत एक रेघ सरळ आली नाही याची. इथे मीठसुद्धा न चाखता बरोबर!"

तुझा प्रसन्न (पहिल्यांदाच)

ता. क. : भावोजींनी शब्द टाकून मला कंपनीच्या स्टोअरमध्ये चिकटवलं होतं ना? प्रमिलाबाईंना हो म्हटलं आणि दुपारीच साहेबाच्या घरी फोन करून ती नोकरी सोडली. क्लासही सोडला. भावोजी आता माझं तोंड बघणार नाहीत. पत्र मिळताच तू अबू धाबीला फोन करून त्यांना सांग. हळूहळू, त्यांचं जेवण झाल्यावर.

ता. ता. क. : अगं, दारात भावोजी! न कळवता आलेत, हातात माझ्यासाठी नवं ड्रॉइंगचं पुस्तक. त्यांना काहीच माहीत नाही. तू फोन करू नकोस, मीच सांगतो. आधी पोहे टाकतो. नाही, आधी सांगतो.