झाडातल्या एकेचाळीस टाचण्या

...आणि परत तुम्ही मलाच दोष देणार, उबोकाका! “आयलर्ट, शनिवारी खोलीत कुढू नकोस, माणसांत मिसळ,” हे कोणी लिहिलं होतं? मिसळलो. आता ऐका. (साष्टांग नमस्कार राहिलाच. तुमचा गुडघा कसा आहे? थेडाकाकूंना सांगा, इथे ब्लॅक फॉरेस्टात चहा मागितला तर गरम पाण्यात पिशवी बुडवून देतात. आठ महिने सोसतोय.)

आमच्या लाकूडगिरणीतल्या किलियानने मला त्यांच्या खेळाला नेलं. खेळ असा, की कोणीतरी रानात डबा लपवायचा, झाडांना चमकत्या टाचण्या ठोकायच्या, आणि बाकीच्यांनी रात्री बॅटरी मारत, एक टाचणी चमकली की पुढची हुडकत, डब्यापर्यंत जायचं. डब्यात काय, तर वही! नाव लिहायचं आणि डबा परत तिथेच ठेवायचा. एवढ्यासाठी दोन तास चिखल! ही वाट आखली होती गुंडुलाबाईंनी. जन्मभर टपाल वाटलं, आता निवृत्त. तीन वर्षं खपून आखली म्हणे.

मी रांगेत शेवटी. आता काका, तुम्हीच सांगा, गिरणीतल्या माणसाला जिवंत झाडात लोखंड दिसलं तर तो काय करेल? मार्चमध्ये ओंडक्यात एक खिळा राहिला, करवतीचा पट्टा तुटून किलियानच्या कानाजवळून गेला. पक्कड माझ्या खिशात असतेच. एकेक टाचणी उपटत गेलो. एकेचाळीस! शाबासकी मिळेल असं वाटलं.

परतताना बॅटरी फिरवली, तर एकही टाचणी चमकेना, नुसता काळोख. गुंडुलाबाई घाबरल्या, “अगं बाई, माझे डोळे गेले की काय?” म्हातारीला रडू फुटायला आलं म्हणून मी खिशातून मूठ काढून दाखवली. उजेडात नुसती लखलखली.

“बाळा,” त्या म्हणाल्या, “वाट खिशात घालून नेणारा तू पहिलाच.”

किलियान ओरडला, “अरे गाढवा, ही झाडं अजून ऐंशी वर्षं कोणी तोडत नाही!” मग ऐंशी वर्षांनी करवतीपुढे उभा राहणारा कोणाचाच मुलगा नसेल का? हे विचारलं तर सगळे माझ्यावरच! ओढ्याच्या काठाने घसरत पहाटे चारला गावात पोचलो. तेव्हापासून गिरणीत दुपारी जेवताना माझ्या बाकावर कोणी बसत नाही. असल्या लोकांशी मला कर्तव्य नाही. पत्र संपलं.

आपला,
आयलर्ट

ता. क. काल गुंडुलाबाई गिरणीच्या फाटकाशी आल्या होत्या. म्हणाल्या, प्रत्येक टाचणी तिच्या भोकात परत गेली तर वहीतलं माझं नाव खोडणार नाहीत. शनिवारी स्वतः बॅटरी धरणार आहेत.

ता. ता. क. पकडीने सव्वीस वाकल्या. इथला दुकानदार गुंडुलाबाईंचा मेहुणा, तो मला विकत नाही. तुमच्याकडच्या दुकानातून पांढऱ्या, दोन्ही बाजूंनी चमकणाऱ्या, पाठवा. सव्वीस नको, दोनशे पाठवा. पलीकडच्या डोंगरावर नवी वाट निघतेय, आणि ठोकायचं काम बाईंनी मला दिलंय. गिरणीच्या मालकाला चुकूनही कळवू नका. सोबत पस्तीस युरो.